चिंचफाट्याला उतरवलेला माणूस

एस्तेर लोंढेला मी ती चार वर्षांची असल्यापासून ओळखतो. तिचे वडील देवळाली कॅम्पात वॉर्डबॉय होते आणि मी आमच्या चर्चच्या संडे स्कूलचा मास्तर. कॅम्पात तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या वर्गाची तावदानं थरथरायची. बाहेरून आलेली मुलं दचकायची, इथली मान वर करायची नाहीत. एस्तेरने तर कधीच केली नाही. घाबरट नव्हती ती. म्हणून एका रविवारी ती घाबरून माझ्याकडे आली, ते माझ्या लक्षात राहिलं. आठ वर्षांची असेल.

आदल्या दिवशी ती मैत्रिणीबरोबर दुसऱ्या एका चर्चमध्ये जाऊन आली होती.

"सर, त्यांच्या वधस्तंभावर माणूस आहे," ती म्हणाली. "त्याच्या बरगडीतून रक्त येतं. डोळे असे अर्धे मिटलेले. आपल्या वधस्तंभावरचा कुठे गेला?"

"तो उठला," मी म्हणालो. "म्हणून आपला वधस्तंभ रिकामा. आपला ख्रिस्त हरलेला नाही, जिंकलेला आहे."

"मग बरं," असं म्हणून ती खेळायला पळाली.

हे उत्तर मी तीस वर्षं मुलांना देत आलो. चुकीचं नाही ते. पण एस्तेरचं पुढे जे झालं ते पाहिल्यापासून ते उत्तर देताना माझी जीभ अडखळते.

एस्तेर मोठी झाली, बारावीनंतर कंडक्टर झाली. लाल गाडीच्या दारात उभी राहून तिने हाक मारली की स्टँडच्या दुसऱ्या टोकाचा माणूस वळून बघायचा. तिची गाडी वेळेवर सुटायची, वेळेवर पोचायची. दारू पिऊन चढलेल्याला ती खाली उतरवायची, म्हातारीला हात देऊन वर घ्यायची. रविवारी तोच आवाज आमच्या गायकवृंदात. नवरा विलास कॅन्टोन्मेंटच्या कचेरीत कारकून, एक मुलगी. सुखी माणसं. "सर, प्रभूने मला कशाची कमी ठेवली नाही," असं ती सहज म्हणायची, आणि ते खरंच होतं.

तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीच्या एका मंगळवारी, ती नाशिकहून सटाण्याच्या गाडीवर होती. दुपारची वेळ, गाडी खच्चून भरलेली. पिंपळगावला एक तरुण चढला. काळा, काटक, पंचविशीचा. द्राक्षाच्या बागेतलं काम संपवून घरी निघाला होता. एका खांद्यावर घोंगडी, हातात फडक्यात बांधलेले द्राक्षाचे चार घड. बसायला जागा नव्हती. एस्तेरच्या दाराजवळच्या सीटच्या दांडीला टेकून तो उभा राहिला आणि सगळा रस्ता तिथेच राहिला. हलायला वावच नव्हता. ब्रेक लागला की तो एका हाताने दांडी धरायचा आणि दुसऱ्या हाताने द्राक्षं छातीशी घ्यायचा. एस्तेरला ते दिसत होतं, कारण त्याचं कोपर तिच्या खांद्याला लागत होतं आणि दर वेळी तो "बाई, लागलं का?" असं विचारत होता.

चिंचफाट्याला गाडी थांबली. तिथे त्या दिवशी बाजार होता. पुढून चौथ्या सीटवरची एक बाई एकदम ओरडली, "माझी पर्स! पर्स गेली माझी!"

गाडीत कालवा झाला. कोणी म्हणालं दार लावा, कोणी म्हणालं झडती घ्या. मग मागून कोणीतरी बोट दाखवलं, "तो बघा, दाराशी उभा आहे तो. पळायच्या तयारीत आहे." बोट दाखवणाऱ्याने त्याचा चेहरा, कपडे, घोंगडी याखेरीज काही पाहिलं नव्हतं. खाली बाजारातली माणसं जमली होती. त्यांना 'चोर' एवढा एकच शब्द ऐकू गेला. चार हात दारातून आत आले.

त्या तरुणाने कोणालाही शिवी दिली नाही. 'मी घेतली नाही' असंसुद्धा तो ओरडला नाही. त्याने फक्त एस्तेरकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही तर बघितलं," तो म्हणाला. "सांगा ना."

एस्तेरने तोंड उघडलं. ती सांगते, आवाज नरड्यापर्यंत आला होता. तेवढ्यात कोणीतरी गाडीच्या पत्र्यावर काठी मारली. पुढून ड्रायव्हर खंडेराव ओरडला, "बाई, घंटी मारा! काचा फुटतील!" गाडी आधीच सात मिनिटं उशिरा होती. तरुण खाली ओढला गेला होता. द्राक्षं पायरीवर सांडली होती.

एस्तेरने दोरी दोनदा ओढली. गाडी निघाली.

मागच्या काचेतून तिने एकदाच वळून पाहिलं. माणसांचा घोळका होता, वर-खाली होणारे हात होते, आणि घोळक्याच्या मधे, खाली, काही दिसत नव्हतं. गाडीत कोणीतरी कांद्याच्या भावाचा विषय काढला.

सटाण्याला गाडी रिकामी झाली. एस्तेर नेहमीप्रमाणे सीटांखाली वाकून बघत गेली. पुढून दुसऱ्या सीटखाली, पत्र्याच्या कडेला अडकलेली लाल पर्स होती. चौथ्या सीटवरून घसरत पुढे आलेली.

तिने ती प्रामाणिकपणे स्टँडच्या वहीत नोंदवून जमा केली. ती बाई अजून स्टँडवरच होती. पर्स बघून तिला रडू आलं, तिने एस्तेरचे दोन्ही हात धरले. "देव तुमचं भलं करो," म्हणाली.

एस्तेर म्हणाली, "ताई, तो माणूस... त्याने नव्हती घेतली."

त्या बाईने हात सोडले. मग पर्स काखेत मारून म्हणाली, "जाऊ द्या हो. ह्याच्या आधी कुठेतरी घेतलंच असेल काहीतरी."

हे सगळं तेव्हा आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. एस्तेरने घरीही सांगितलं नाही. आम्हाला एवढंच दिसलं, की ती वाळत चालली आहे. विलासने मला एकदा अडवलं. "सर, ती जेवायला बसते आणि ताटाकडे बघत राहते. तुम्ही विचारा ना." मी विचारलं. "उन्हाचा त्रास आहे सर," ती म्हणाली.

उन्हाचा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तिची माणसं जुळेनाशी झाली होती. कंडक्टर गाडीतली माणसं मोजतो आणि फाडलेल्या तिकिटांशी ताडून बघतो. पंधरा वर्षांत तिचा आकडा चुकला नव्हता. आता तिकिटं त्रेचाळीस आणि माणसं चव्वेचाळीस. ती परत मोजायची. पुन्हा चव्वेचाळीस. एकेकाचं तिकीट मागायची, प्रत्येकाकडे असायचं. कोणाचं जास्तीचं डोकं मोजलं जातंय ते सापडायचं नाही. शेवटी आपल्या सीटवर येऊन बसली की दांडीपाशी कोणी नसतानाही तिच्या खांद्याला कोपर लागल्यासारखं व्हायचं. भर दुपारी, उघड्या खिडक्यांच्या गाडीत. चिंचफाटा आला की ती डोळे मिटून घंटी मारायची.

तिने मार्ग बदलून घेतला. इंदिरानगरकडून स्टँडला येणाऱ्या गाडीवर गेली. तिथेही एक माणूस जास्त भरायचा.

मार्चमध्ये आमचा उपवासकाळ सुरू झाला. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन आमच्याकडे तीन तासांची उपासना असते. वधस्तंभावरून ख्रिस्ताने काढलेले सात उद्गार, आणि एकेका उद्गारावर मंडळीतल्या एकेकाने बोलायचं. बोलणाऱ्यांची यादी मी करतो. त्या वर्षी चौथा उद्गार, म्हणजे देवानेच आपल्याला का टाकलं, असं तो ओरडून विचारतो तो, मी एस्तेरच्या नावावर लिहिला. तिचा आवाज चांगला म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

"सर, मला नको," ती म्हणाली. "दुसरं काहीही द्या. चौथा नको."

"का गं? दहा मिनिटं बोलायचं. मी लिहून देतो हवं तर."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मान हलवून निघून गेली. ती मान हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मी नाव खोडलं नाही.

त्याच आठवड्यात तिच्याच घरी प्रार्थना सभा होती. पाळक कसबे साहेब तरुण आहेत, मनापासून शिकवतात. ते त्या दिवशी दुःख सोसणाऱ्या सेवकाबद्दल बोलले. ख्रिस्ताच्या कितीतरी शतकं आधी एका संदेष्ट्याने त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. लोक राजाची वाट बघत होते, कसबे साहेब म्हणाले. घोड्यावरून येईल, शत्रूला हाकलून देईल, असा मसीहा. आणि आला तो कसा? रूप नाही, मान नाही. मारला गेला आणि गप्प राहिला. बघणाऱ्यांनी मनाशी काय म्हटलं? ह्याला देवानेच शिक्षा केली आहे, नक्कीच ह्याने काहीतरी केलं असणार. असं म्हटलं की तोंड फिरवायला सोपं जातं. "तोंड फिरवणारे म्हणजे कोणी दुष्ट लोक नव्हते," कसबे साहेब म्हणाले. "संदेष्टा 'ते' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणतो."

एस्तेर उठून आत गेली. मोरीत नळ सोडल्याचा आवाज आला. विलासने आम्हाला सांगितलं, पित्त झालंय. आम्ही एक गीत गाऊन सभा आवरती घेतली.

शुक्रवार आला. एप्रिलचं ऊन, पंखे गरम हवा ढवळत होते. वेदीवर काळं कापड घातलेलं आणि त्याच्या वर, भिंतीवर, आमचा सागवानी रिकामा वधस्तंभ. तिसरा उद्गार संपला. एस्तेर पांढऱ्या साडीत पुढे आली. हातात कागद नव्हता.

तिने मंडळीकडे पाठ केली आणि भिंतीकडे बघत राहिली. नंतर वळली तेव्हा तिचा तो स्टँड हलवणारा आवाज इतका खाली गेला होता, की पुढच्या बाकांवरच्या माणसांनाही कान द्यावा लागला.

"लहानपणी मला शिकवलं होतं, आपला वधस्तंभ रिकामा आहे," ती म्हणाली. "मला आता तो रिकामा दिसत नाही. दीड महिना झाला. एक माणूस आहे त्यावर. तो कोण आहे ते मला माहीत नाही. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही. मी त्याला पिंपळगाव ते चिंचफाटा एवढंच ओळखते."

मग तिने सगळं सांगितलं. कोपर, द्राक्षं, 'सांगा ना', घंटी, पर्स. काही सोडलं नाही, काही वाढवलं नाही. शेवटी म्हणाली, "तो देवाला ओरडून विचारतो की मला का टाकलंस. मी ते वचन शंभरदा ऐकलं होतं. पण त्या दिवशी त्या माणसाने ते देवाला नाही विचारलं. मला विचारलं. आणि मी घंटी मारली."

ती खाली बसली. पाचवा उद्गार ज्यांच्याकडे होता ते गृहस्थ जागचे उठलेच नाहीत. कसबे साहेबांनी गीत सुरू केलं.

उपासना संपल्यावर आम्ही सगळे तिच्याभोवती जमलो. बायकांनी तिला मिठी मारली. कोणी म्हणालं, तू एकटी काय करणार होतीस. कोणी म्हणालं, तुझ्यावरच धावून आले असते. आणि मी, तिचा मास्तर, मी म्हणालो, "एस्तेर, ह्याच्यासाठीच तर तो मेला. तुझं पाप त्याने वाहिलं. तू कबूल केलंस, आता तू मोकळी झालीस."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी तिच्या हातात नको असलेली वस्तू कोंबली होती.

तेवढ्यात बायडाबाई पुढे आल्या. सत्तरीच्या, दवाखान्यात आया म्हणून जन्म गेलेला, अंगठा उठवणाऱ्या. त्यांनी बायकांना हाताने बाजूला केलं.

"आन् तो पोरगा?" त्या म्हणाल्या. "तो जिता हाय का?"

एस्तेरभोवतीचे हात सैल झाले.

"येवढी माणसं जमली," बायडाबाई म्हणाल्या, "कोणी इचारलं नाय त्याचं. हिला मोकळी केली समद्यांनी. त्याला कोणी उचलला का नाय, ते तरी बघा."

मला तीस वर्षांत कोणी असं उघडं पाडलं नव्हतं. त्या ओरडल्याही नव्हत्या.

पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, झाला. आम्ही फुलं लावली, आनंदाची गीतं गायली. एस्तेर आली नव्हती. सोमवारी सकाळी ती, बायडाबाई आणि मी चिंचफाट्याला उतरलो. बाजार नव्हता. रस्ता मोकळा, रसवंतीचं चाक फिरत होतं. चहावाल्याला विचारलं तर तो कप विसळत राहिला. "कोण? काय माहीत नाय बुवा. त्या दिवशी मी गावाला गेलतो." आम्ही उठलो तेव्हा मात्र तो हळूच म्हणाला, "काळू नाव त्याचं. काळू अहिरे. सटाण्याच्या पलीकडं वस्ती हाय भिल्लांची, तिथला. जित्ता हाय." आणि लगेच दुसरं गिऱ्हाईक आल्यासारखं करून वळला.

एस्तेर रस्त्याच्या कडेला खाली बसली. तिला वाटत होतं की तो मेला आहे. तिने दीड महिना मेलेल्या माणसाबरोबर प्रवास केला होता. आता जिवंत माणसासमोर जायचं होतं, आणि ते जास्त अवघड होतं.

वस्ती सापडली. कुडाच्या घरापुढे एक बाई कांदे निवडत बसली होती. ती काळूची आई, शकुबाई.

"कोन शे?" तिने विचारलं. "काय काम शे?"

मी म्हणालो, "आम्ही नाशिकहून आलो. काळूला भेटायचं आहे."

शकुबाई उठून दारात आडवी उभी राहिली. तिला आम्ही पोलिसांची माणसं वाटलो असू. "मना पोऱ्या चोर नई शे," ती म्हणाली. हे वाक्य तिने आजवर किती जणांना ऐकवलं असेल, ते तिच्या आवाजावरून कळत होतं.

"मला माहीत आहे," एस्तेर म्हणाली. "मला माहीत आहे, आई. मी त्या गाडीची कंडक्टर आहे."

आतून पावलं वाजली. काळू बाहेर आला. मी तोंड फिरवलं नाही, एवढंच म्हणू शकतो. पण मनात फिरवलं होतं. डाव्या डोळ्याच्या जागी मिटलेली, आत ओढलेली पापणी. जबडा एका बाजूला सरकलेला, त्यामुळे चेहरा कोणीतरी अर्धवट पुसल्यासारखा. तो एस्तेरकडे एका डोळ्याने बघत राहिला.

"तुम्ही घंटी मारली," तो म्हणाला. शब्द जबड्यातून वाकडे बाहेर पडत होते.

"हो."

"मला वाटलं तुम्ही सांगणार."

"हो," एस्तेर म्हणाली आणि खाली बसली. तिने हात जोडले. "मला माफ कर. मी—"

"माफी राहू द्या," काळू म्हणाला. रागाने नाही, थकून. "माफीचं मी काय करू? माझ्यावर चोरीची तक्रार आहे. ज्यांनी मारलं त्यांनीच दिली. तारखेला बोलावतात. बागवाला कामावर घेत नाही, म्हणतो आधी नाव साफ कर. तुम्ही चौकीत येऊन सांगा. तेव्हा बोलायचं होतं ते आता बोला."

एस्तेरला ह्याची तयारी नव्हती. ती रडायला आली होती, शिव्या खायला आली होती, मार खायलाही आली असती. चौकीत जाऊन आपल्या सहीने लिहून देणं म्हणजे नोकरीवर बेतणार, हे तिला कळत होतं. तिने बायडाबाईंकडे पाहिलं. बायडाबाई शकुबाईच्या शेजारी बसून कांदे निवडायला लागल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"येते," एस्तेर म्हणाली.

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी होती. चिंचफाटा मागे पडल्यावर म्हणाली, "सर, तुम्ही मला अर्धंच शिकवलंत."

"काय गं?"

"उठला, जिंकला, एवढंच. पण उठल्यावर त्याने शिष्यांना काय दाखवलं? हात दाखवले. बरगडी दाखवली. जखमा तशाच होत्या. भरल्या नव्हत्या. मला वाटायचं देवाने सगळं पुसून टाकलं." ती थांबली. "काळूचा डोळा परत येणार नाही ना सर?"

"नाही."

"मग मलाही मोकळं करू नका. लगेच तरी नको."

शास्त्र मी तिच्यापेक्षा जास्त वाचलं होतं. पण मी नेहमी शुक्रवारवरून घाईने रविवारकडे गेलो होतो. मार खाल्लेला, तोंड विद्रूप झालेला तो, आणि त्याच्याकडे पाहून दोरी ओढणारे आम्ही, हे दोन्ही संदेष्ट्याच्या एकाच वाक्यात आहे, हे मी कधी मोठ्याने वाचलंच नव्हतं. तो आमच्यासाठी मेला, हे मी शिकवलं. तो आमच्या हातून मेला, हे घाईत राहून गेलं.

पुढचं लवकर झालं नाही. एस्तेरने चौकीत जबाब दिला. पर्स जमा केल्याची नोंद वहीत होती, ती उपयोगी पडली. ड्रायव्हर खंडेराव म्हणाला की मी पुढे बघत होतो, मला काही दिसलं नाही. तो खोटं बोलत होता असं एस्तेर म्हणत नाही. "त्यालाही घर आहे," एवढंच म्हणते. तिची खात्यात चौकशी झाली, प्रवाशाला संकटात सोडलं म्हणून. चार महिने ती घरी बसून होती. विलास चिडला. "मेलेलं प्रकरण उकरून काढायची काय गरज होती?" असं तो माझ्यासमोर म्हणाला. "मेलेलं नव्हतं ते," ती म्हणाली. पुढे दोघं काही महिने कामापुरतंच बोलत होते. चर्चमध्येही काही जणांना वाटलं, की तिने जरा अतीच केलं. ज्या बायकांनी मिठी मारली होती, त्यांतल्या दोघी-तिघी तिला टाळू लागल्या. कबुली ऐकायला त्यांना चालली होती. चौकीच्या पायऱ्या त्यांना नको होत्या.

पावसाळा संपता संपता काळूवरची तक्रार निकाली निघाली. मारणाऱ्यांपैकी तिघांची नावं गुन्ह्यात आली, त्यांचा खटला अजून चालू आहे. काळूला सटाण्याच्या एका व्यापाऱ्याकडे कांद्याच्या शेडमध्ये काम मिळालं. एस्तेर परत गाडीवर रुजू झाली आणि तिने सटाण्याचाच मार्ग मागून घेतला.

मी तिला एकदा भीत भीत विचारलं, "माणसं जुळतात का आता?"

"नाही सर," ती म्हणाली. "एक जास्तच भरतो. आधी वाटायचं तो काळू आहे. मग काळू जिवंत सापडला, तरी भरतोच. कोण आहे मला माहीत आहे असं वाटतं, पण बोलून दाखवायची हिंमत नाही."

"भीती वाटते?"

"वाटते. पण तो उतरला तर जास्त वाटेल."

गेल्या वर्षी तिने काळूला नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरकडे आणलं. कृत्रिम डोळा बसवायचा होता. विलासने त्या दिवशी रजा काढली होती, ते मला नंतर कळलं. पण त्याला ऐनवेळी कचेरीत बोलावलं म्हणून मी बरोबर गेलो. शकुबाईही आली होती, नवं लुगडं नेसून.

डॉक्टरांनी एका पेटीतले डोळे दाखवले. तपकिरी रंगाच्या किती छटा असतात, मला ठाऊक नव्हतं. काळूच्या उजव्या डोळ्याशेजारी एकेक धरून त्यांनी एक निवडला, बसवला आणि आरसा पुढे केला.

काळू आरशात बघत राहिला. दोन डोळ्यांनी तो वेगळाच दिसत होता, कोणीतरी देखणा, अनोळखी. शकुबाईने पदर तोंडाला लावला. एस्तेर भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं, हिला आता सुटल्यासारखं वाटत असेल. पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ती घाबरून बघत होती, जणू त्या चेहऱ्यावरून काही पुसलं जातंय आणि ते पुसलं जाऊ नये.

काळूने डॉक्टरांना विचारलं, "हा काढता येतो ना?"

"येतो. रात्री काढून धुवायचा. पण दिवसा घालत जा, चांगला दिसतोस."

त्याने तो तिथेच काढायला लावला, डबीत ठेवला आणि डबी खिशात घातली.

"का रे?" एस्तेरने विचारलं. "लागतो का?"

"लागत नाही," काळू म्हणाला. "पण असा फिरलो तर लोक म्हणतील काही झालंच नव्हतं." त्याच्या वाकड्या जबड्यावर काहीतरी हललं. ते हसू होतं, हे कळायला मला एक क्षण लागला. "पोरगी बघायला जाईन तेव्हा घालीन. बाकी दिवस असाच."

"अन् लगननंतर?" शकुबाईने विचारलं.

"लगननंतर तिला खरं सांगेन."

शकुबाईने त्याच्या पाठीत हलकी चापट मारली. आम्ही बाहेर रस्त्यावर आलो. दुपारची गर्दी होती. समोरून येणारी माणसं काळूकडे बघत आणि झटकन नजर वळवत पुढे जात होती. एस्तेर त्याच्या डाव्या बाजूने चालत होती, कारण त्या बाजूचं त्याला दिसत नाही.